यंदाचे विषयशिक्षक

आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर वरच्या बाजूला एक पट्टी होती. ज्या कुणाचा वाढदिवस असेल त्याचा फोटो त्या दिवशी आपोआप तिथं यायचा. शेजारी केकचं चित्र आणि खाली शुभेच्छा. केमिस्ट्रीच्या सरांना जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी फेब्रुवारीत त्यांचा फोटो त्या पट्टीत आला. त्यांची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं तो ऑफिसात बसून पाहिला आणि प्राचार्यांना फोन केला.

"रागावली असती तर बरं झालं असतं," प्राचार्य सर मला म्हणाले. "ती फक्त म्हणाली, सर, तेवढं काढता आलं तर बघा."

मला त्यांनी तास संपायच्या आत बोलावून घेतलं होतं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि केमिस्ट्री विभागाचं पान समोर होतं. तिथंही सर होतेच, विभागप्रमुख म्हणून, हसत.

"मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरच्या. सगळ्या विभागांची पानं नव्यानं करायला घ्या. पुढच्या वर्षी मूल्यांकनाची समिती येईल तेव्हा येईल. पण असा फोन मला पुन्हा नको."

मी हो म्हणाले. नाही म्हणायची मला सवय नव्हती. शिरूरच्या त्या कॉलेजात मी तेव्हा आठ वर्षं शिकवत होते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी जाहिरात, मुलाखत आणि नेमणुकीची ऑर्डर. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की ऑर्डरही संपायची. मग पुन्हा जाहिरात. अशा माणसाला काम सांगितलं की ते तो करतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

राहायला मी कासुर्डीला. सकाळी स्कूटीनं चौफुल्यापर्यंत जायचं, तिथं ओळखीच्या रसवंतीमागं गाडी लावायची आणि न्हावऱ्यावरून जाणारी शिरूरची एसटी पकडायची. पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका संपायचा. त्या प्रवासात मी जुनी पानं मोबाइलवर एकेक करून वाचून काढली. कोणीतरी ती कधीतरी वाचायला हवीच होती.

झूऑलॉजी विभागाच्या पानावर लिहिलं होतं की विभागाला लाभलेल्या विस्तीर्ण समुद्रकिनाऱ्यामुळे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अभ्यासाची संधी मिळते. शिरूरला घोडनदी आहे. तिलाही उन्हाळ्यात पाणी असेलच असं नाही. कोकणातल्या कुठल्या तरी कॉलेजच्या पानावरून हा मजकूर उचललेला होता, हे उघड होतं. मी तो विभागप्रमुख मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या.

"इतकी वर्षं हे कुणी वाचलंच नाही?"

"नाही ना मॅडम."

"मीपण नाही," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला.

बाकीच्या विभागांचं थोड्याफार फरकानं तेच होतं. प्रत्येकाची ध्येयं उदात्त होती आणि सगळ्यांची सारखीच होती. मी एक फॉर्म तयार केला. विभागाची स्थापना, ध्येय, उद्दिष्टं, प्राध्यापकांची यादी, प्रकाशित लेख असे रकाने घातले आणि तो सगळ्या विभागांना वाटला. दोन आठवड्यांत बहुतेक फॉर्म भरून आले. जुनाच मजकूर पुन्हा लिहिलेला होता.

मराठीच्या विभागप्रमुखांचा फॉर्म मात्र कोराच परत आला. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'भेटा.'

सरांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. उंच, किंचित वाकलेले, आणि कुणाशीही बोलताना हातातलं काम बाजूला ठेवणारे. मी गेले तेव्हा त्यांनी पेपर तपासणं थांबवलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

"हे पान कोण वाचणार?" त्यांनी विचारलं.

"समिती वाचेल, सर."

"समिती दोन-तीन दिवस येते. बाकीच्या दिवशी?"

"मुलं वाचतील."

"बारावी झालेलं पोरगं. त्याला आपली उद्दिष्टं कशाला हवीत? त्याला एवढंच विचारायचं असतं की तिथं गेलो तर काय शिकायला मिळेल, कोण शिकवेल आणि पुढं काय. घ्या लिहून."

मी वही काढली. त्यांनी सावकाश सांगितलं. "मराठी विभागात तीन वर्षांत तुम्ही कविता, कथा, नाटक आणि व्याकरण शिकाल. दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाशी बोलून त्याच्या तोंडचे शब्द लिहून आणायचे असतात. त्या वह्या विभागात आहेत, कधीही येऊन बघा. नोकरीची खात्री आम्ही देत नाही. आमचे विद्यार्थी शिक्षक आहेत, पत्रकार आहेत, पोलिसात आहेत, आणि काहींची दुकानं आहेत."

"एवढंच?"

"याच्यापेक्षा जास्त काही खरं असेल तर घाला."

त्या दिवशी मी माझा फॉर्म फाडून टाकला. मग प्रत्येक विभागात स्वतः जाऊन बसले, विचारलं आणि लिहून घेतलं. भूगोलाकडं माती तपासायची पेटी होती, ती त्यांनी कपाटावरून काढून दाखवली. बॉटनीच्या मॅडमनी वाळवलेल्या पानांची फाइल काढली आणि पाऊण तास मला सोडलं नाही. माणसं आपल्या विभागाबद्दल बोलायला लागली की चांगलं बोलतात. लिहायला बसवलं की तीच माणसं समुद्रकिनाऱ्यावर जातात.

मार्चमध्ये फोटो काढले. लायब्ररीत मागच्या पांढऱ्या भिंतीसमोर खुर्ची ठेवली. पुरुष प्राध्यापकांनी कोट घालावा अशी प्राचार्यांची इच्छा होती, आणि कोट फक्त क्रीडा विभागाच्या सरांकडं होता. तो निळा कोट सकाळपासून या अंगावरून त्या अंगावर फिरत राहिला. कुणाला हात लांब व्हायचे, कुणाला बटण लागायचं नाही. आजही त्या वेबसाइटवर आमचे बरेचसे प्राध्यापक एकाच कोटात आहेत.

इकॉनॉमिक्सचे एक सर माझ्या मदतीला होते. माझ्यासारखेच तासिकेवरचे, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, दौंडचे. खिडकीतून ऊन थेट चेहऱ्यावर येत होतं म्हणून ते पांढरी चादर धरून उभे राहिले. तास दीड तास त्यांचे हात वर होते.

"मॅडम, माझी बोटं आली फोटोत तर राहू द्या," ते गमतीनं म्हणाले.

एका फोटोत ती खरंच आली होती. मी कापून टाकली. ऑफिसनं दिलेल्या यादीत फक्त कायम प्राध्यापकांची नावं होती, आणि मी त्या यादीबरहुकूम काम करत होते. तासिकेवरचे आम्ही सगळे त्या दिवशी तिथंच होतो, कुणी खुर्ची हलवत होतं, कुणी कोटाची कॉलर नीट करून देत होतं. खुर्चीवर आमच्यापैकी कुणी बसलं नाही आणि कुणी बस म्हणालंही नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करायला हवं.

मेमध्ये नवी पानं सुरू झाली. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. वाढदिवसाची पट्टी गेली होती. केमिस्ट्रीच्या पानावर दिवंगत सरांबद्दल दोन ओळी आणि त्यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेचा उल्लेख होता. त्यांच्या मुलीला मी ते पाठवलं. तिनं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. आमची ऑर्डर व्हायची होती, पण मदतीला माणूस लागतो म्हणून आम्हाला बोलावून घ्यायचे. मी कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी टेबल टाकून बसले होते. एक शेतकरी आणि त्यांची मुलगी आली. केंदूरची माणसं. वडील पन्नाशीचे, धुतलेला पांढरा सदरा, हातात मोबाइल. मुलगी त्यांच्या मागं अर्धं पाऊल.

"म्याडम, ह्या कॉम्प्युटरच्या पानावर येकच सर हायेत," त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "ते कुठं भेटतील?"

मी बघितलं. पान मीच केलेलं. त्यावर गणिताच्या सरांचा फोटो होता, निळ्या कोटातला. आमच्या विभागात कायम जागा एकही नाही, म्हणून कागदावर त्यांच्याकडं विभागाचा कार्यभार होता.

"ते गणित शिकवतात, मामा. कॉम्प्युटरचे तास आम्ही घेतो."

"आम्ही म्हंजी?"

"मी, आणि आणखी दोघी मॅडम आहेत."

त्यांनी अंगठ्यानं पान वर-खाली केलं. "तुमचं नाव न्हाई ह्यात."

"नाही."

"का वं?"

"मी तासिका तत्त्वावर आहे. कायम नाही."

"पन शिकिवता तुमीच?"

"हो. आठ वर्षं झाली."

"मंग? सोसायटीचा चेरमन तरी कुठं कायमचा आस्तो? पन हाय तवर बोर्डावर नाव आस्तंच की."

"आप्पा, चला ना," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

"आगं, मी भांडत न्हाई." ते माझ्याकडं वळले. "राग मानू नका म्याडम. हिची बारावी पाबळला झाली. काल रातच्याला घरी आमी हे पान बघितलं. येकच मास्तर हाय म्हणल्यावर ठरवलं व्हतं, हितं न्हाई घालायचं. पोरगीच म्हणली, जाऊन तर बघू."

मी उठले आणि दोघांना लॅब दाखवली. मुलगी एका मशीनसमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "पायथन कोण शिकवतं?"

"मी शिकवते."

तिनं मान हलवली. दोन दिवसांनी ती प्रवेश घेऊन गेली.

पण मी त्या दिवशी एसटीत बसले तेव्हा मन जाग्यावर नव्हतं. मला कुणी वगळलं होतं म्हणावं, तर वगळणारे हात माझेच होते. यादी ऑफिसची असेल, पान मी केलं होतं. नाव नसल्याचं वाईट वाटलं असतं तर तेही ठीक होतं. मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं. आणि ज्या एका माणसासाठी ते पान होतं त्याला त्यानं चुकीची माहिती देऊन जवळजवळ परत पाठवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी कॉम्प्युटर विभागाचं पान वेगळ्या पद्धतीनं मांडून पाहिलं. वर प्राध्यापकांचे फोटो नाहीत. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. प्रत्येक वर्षाखाली विषय, विषयासमोर तो शिकवणाऱ्याचं नाव, आणि खोली. बस. मग सगळ्या विभागांची पानं तशी केली. कच्ची, फक्त माझ्या मशीनवर. मराठीच्या सरांना दाखवली. त्यांनी आपल्या विभागाच्या पानावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हां. आता हे टाइमटेबलसारखं खरं दिसतंय."

प्राचार्यांना दाखवली तेव्हा त्यांनी एकेक पान खालपर्यंत वाचलं.

"तुमच्या मनात काही नाही, हे मला माहीत आहे," ते शेवटी म्हणाले. "पण उद्या कुणी हे पान घेऊन कोर्टात उभं राहिलं, की बघा, कॉलेजनंच आम्हाला प्राध्यापक म्हणून जाहीर केलंय, तर संस्था मला विचारेल."

"सर, पण शिकवतो तर आम्हीच."

"मी कुठं नाही म्हणतोय?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मीही सहा वर्षं तासिकेवर काढलीत, मॅडम. तेव्हा वेबसाइट कुठली! भिंतीवर टाइमटेबल लागायचं, त्यात आपल्या नावाची दोन अक्षरं असायची. ती बघायला मी दिवसातून एकदा तरी तिकडून जायचो." चष्मा परत लावून ते म्हणाले, "विचार करतो. घाई करू नका."

मी घाई केली. आमचा तासिकेवरच्यांचा एक ग्रुप होता. त्यावर संदेश टाकला की विभागाच्या पानांवर आपली नावं येण्याची शक्यता आहे, तरी सगळ्यांनी फोटो आणि शिक्षणाची माहिती पाठवावी. तासाभरात फोटोंचा पाऊस. लग्नाच्या अल्बममधले, आधार कार्डाचे, एकाचा तर शेतात ट्रॅक्टरवर बसलेला. इंग्रजीच्या एका मॅडमनी स्वतःबद्दल दोन पानं लिहून पाठवली. इकॉनॉमिक्सच्या सरांचं मात्र काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला ते माझ्याच शेजारी बसले. चौफुल्यापर्यंत आमचा रस्ता एक, पुढं ते दौंडची गाडी धरायचे. न्हावरा मागं पडल्यावर ते माझ्याकडं वळले.

"मॅडम, माझं नाव नका टाकू," ते म्हणाले.

"का हो? फोटो नसेल तर मी काढते."

"तसं नाही." त्यांनी पुढच्या बाकाकडं एक नजर टाकली. "मी सकाळी दौंडला दुसऱ्या कॉलेजात शिकवतो. तिथं लिहून दिलंय की दुसरीकडं काम करत नाही. इथंही तसंच लिहून दिलंय."

ते दुपारी धावतपळत येतात हे मला माहीत होतं. एसटी उशिरा येते, असं ते सांगायचे आणि मी त्यावर विश्वास ठेवायचे.

"एका ठिकाणच्या तासांवर भागत नाही," ते म्हणाले. "तिथल्या कुणी हे पान बघितलं तर दोन्ही जातील. आणि आता सगळ्यांनी फोटो पाठवलेत, माझाच नाही. कुणीतरी विचारणारच, का नाही म्हणून."

नाव लावणं म्हणजे चांगलंच, ज्याचं लावलं त्याचं भलंच, असं मी धरून चालले होते. ऑफिसनं आम्हाला न विचारता गाळलं होतं. मी न विचारता घालायला निघाले होते.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "आधी एकेकाला विचारायला हवं होतं."

"तुमचा हेतू चांगलाच होता, मॅडम." ते बाहेर बघत राहिले. पारगावच्या पुलावरून खाली नदीत जलपर्णी पसरलेली दिसत होती. चौफुल्याला उतरताना त्यांनी नेहमीसारखा माझा डबा पुढं करून दिला आणि दौंडच्या गाडीकडं पळाले.

मी ग्रुपवरचा संदेश काढला. खाली लिहिलं, अजून काही ठरलेलं नाही, घाईनं विचारलं, माफ करा. मग पुढचे आठ-दहा दिवस प्रवेशाच्या कामातल्या मधल्या सुट्टीत एकेकाला गाठून विचारलं. ऐकलं ते मला आधी सुचलंही नसतं. फिजिक्सच्या मॅडम म्हणाल्या, नाव टाका, पण माहेरचं. डिग्री त्या नावानं मिळवलीय. एकीला नाव हवं होतं, पण फोटो नको. एक सर म्हणाले, "दिवाळीनंतर मी इथं नसेन, रांजणगावला कंपनीत लागतोय. उगाच कशाला?" बाकीचे हो म्हणाले. मला वाटलं होतं तितक्या सहज नाही, विचार करून म्हणाले.

जुलैच्या शेवटी आमच्या ऑर्डर झाल्या आणि त्यानंतरच्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी विषय काढला. कायम प्राध्यापक पुढच्या रांगांत, आम्ही मागं. एकदोघांनी हरकत घेतली. एक म्हणाले, पानावर गर्दी होईल. दुसरे म्हणाले, सेवाज्येष्ठतेचा क्रम बिघडेल. मग मराठीचे सर उठले.

"माझ्या विभागात तिसऱ्या वर्षाचं व्याकरण मी शिकवत नाही," ते म्हणाले. "मागं बसलेल्या मॅडम शिकवतात आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. पानावर विभागाच्या नावाखाली फक्त माझा फोटो आहे. मी पुढच्या वर्षी घरी बसणार. मला त्या फोटोचं काय करायचंय? पोरांना खरं काय ते कळू द्या."

ते बसले. मागच्या रांगेत मराठीच्या मॅडम खाली बघत होत्या.

प्राचार्यांनी निर्णय तिथंच दिला, बहुतेक आधीच ठरवून आले असावेत. नावं येतील. हुद्दा लिहायचा नाही. वर मथळा असेल 'यंदाचे विषयशिक्षक' आणि त्याच्यापुढं शैक्षणिक वर्ष. ज्यांची हरकत असेल त्यांच्या विषयासमोर 'विभागात चौकशी करावी' एवढंच लिहायचं, कारण विचारायचं नाही. ते शेवटचं वाक्य मी सुचवलं होतं. त्यांनी मला का म्हणून विचारलं नव्हतं, त्यामुळे तेही असं एखादं कारण जाणून असावेत असं मला वाटतं.

'यंदाचे' हा शब्द ऐकून बाकीच्यांच्या मनात काय आलं ते मी सांगू शकत नाही. माझ्या मनात दोन्ही आलं. शब्द बरोबर होता. बरोबर होता म्हणूनच जरा टोचला.

ऑगस्टमध्ये पानं बदलली. यजमानांनी घरी मोबाइलवर दाखवलं. सासूबाई शेवंतीच्या वाफ्यातून नुकत्या आल्या होत्या, हात पदराला पुसून त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं, तसं पान सरकून भलतीकडंच गेलं.

"आगं, निसटलं की!" त्या म्हणाल्या. परत आणून दिलं तेव्हा त्यांनी बोट न लावता, लांबून बघितलं.

कॉलेजात फरक पडला तो छोटा. मुलं खोली शोधत फिरायची ती कमी झाली. पालक फोनवर थेट विषयाचं आणि मॅडमचं नाव घेऊन विचारू लागले. एकदा टपालानं मराठीच्या मॅडमच्या नावानं पुस्तक आलं, कॉलेजच्या पत्त्यावर, पान बघितलेल्या कुणा वाचकाकडून. ऑफिसातल्या कारकुनानं ते स्वतः वर आणून दिलं.

इकॉनॉमिक्सच्या दोन विषयांसमोर 'विभागात चौकशी करावी' असंच होतं. मुलांना कोण शिकवतं ते माहीतच होतं, त्यामुळे त्यांनी कधी चौकशी केली नाही.

फेब्रुवारीत ते सर लॅबमध्ये आले. दुपारची वेळ, मी एकटीच होते. ते धावत आले नव्हते, हे पहिल्यांदा लक्षात आलं.

"दौंडचे तास गेले," ते म्हणाले. "तिथं कायम माणूस आला."

"अरेरे."

"चालायचंच. तो माणूस चांगला आहे, माझ्याच बरोबरचा." ते खुर्ची ओढून बसले. "आता टाका नाव."

मी त्यांच्यासमोरच टाकलं. वर्ष संपायला दोन महिने राहिले होते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी मोबाइलवर पान उघडलं, त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि वडिलांना पाठवला. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. पाच मिनिटांत उत्तर आलं. सरांनी ते मला वाचून दाखवलं, "एम.ए.मधलं दुसरं टिंब राहिलंय." मी टिंब दिलं. मग आम्ही दोघं खूप हसलो.

मेमध्ये मी सगळ्या पानांवरची 'यंदाचे विषयशिक्षक' ही यादी रिकामी केली. वर्ष संपलं होतं, ऑर्डर संपल्या होत्या, आणि मथळ्याचा अर्थ तोच होता. माझंही नाव काढलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण जे पान खरं सांगतं असं म्हणून आम्ही मागून घेतलं होतं, ते आमच्या सोयीनं खोटं कसं ठेवायचं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्राचार्यांचा फोन आला. मी घरी कांद्याच्या पिशव्या भरत होते.

"मॅडम, कॉम्प्युटर विभागाच्या पानावर कुणीच दिसत नाही. बाकीचीही अर्धी रिकामी आहेत. काही बिघाड झालाय का?"

"बिघाड नाही, सर. यंदाच्या ऑर्डर अजून झालेल्या नाहीत."

"प्रवेश सुरू झालेत मॅडम. पालक बघतात."

"हो, सर."

"मागच्या वर्षीची नावं राहू दिली असती तर?"

"मथळा 'यंदाचे' आहे, सर. तुम्हीच दिलेला."

त्यांनी सुस्कारा टाकला की हसले, ते फोनवर कळलं नाही. "बघतो," म्हणाले.

त्या वर्षी मुलाखती जूनच्या अखेरीसच झाल्या, नेहमीपेक्षा महिनाभर आधी. पानामुळे झाल्या असं मी म्हणणार नाही. संस्थेची परवानगीही लवकर आली होती, असं ऑफिसात ऐकलं. मराठीचे सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी तूर्त त्या मॅडमकडंच विभागाचं काम आलं होतं, तेही वर्षापुरतं. इकॉनॉमिक्सच्या सरांनी अर्ज केला नाही. दौंडला स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे, तिथं ते लागले. मला फोन करून त्यांनी सांगितलं की आता एसटी नाही, सायकलवर जातो.

ऑर्डर हातात आल्या त्या सकाळी मी लॅब उघडली, पंखा लावला आणि नावं भरायला बसले. आधी ज्यांना विचारायचं होतं त्यांना फोन करून विचारलं. मग विषयांच्या क्रमानं एकेक नाव टाकलं. कॉम्प्युटर विभागात आम्ही यंदाही तिघीच होतो. माझं नाव दुसरं आलं, दुसऱ्या वर्षाच्या खाली, पायथनसमोर. खोली तीच होती. सगळं नीट दिसतंय ना ते एकदा मोबाइलवर बघितलं, मशीन बंद केलं आणि खडू घेऊन तासाला गेले.